नोट्समधलं खोटं वाक्य

मी संशयी आहे, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. बाजारात वालाच्या शेंगा घेताना मी वरच्या बाजूला सारून खालच्या बघते. पुढचा रस्ता बंद आहे असं रिक्षावाला म्हणाला, तर तो खरंच बंद आहे का ते मी त्याला जाऊन बघायला लावते. नवरा म्हणतो, उद्या देव प्रसन्न झाला तरी ही बाई त्याच्याकडे आधार कार्ड मागेल. मागेनही.

हा स्वभाव घेऊन मी पनवेलच्या एका कॉलेजात वीसेक वर्षं समाजशास्त्र शिकवते आहे. एमएच्या मुलांचे शोधनिबंध तपासायचं काम माझ्याकडे आलं ते या स्वभावामुळेच. बाकीचे प्राध्यापक निबंध वाचतात, मी झडती घेते. आणि झडतीत सापडतंही. रायगडच्या भातशेतीवर लिहिणाऱ्या एकानं मधल्याच पानावर 'आमच्या या विदर्भातील गावात' असं लिहिलं होतं. एकीनं आभाराच्या पानावर पतीचे आभार मानले होते, आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. एका हुशारानं इंग्रजी लेख यंत्राकडून मराठीत करून घेतला, त्यात खाडीचा प्रवाह सगळीकडे विद्युत प्रवाह झाला होता. अशा निबंधांवर मी काही लिहीत नाही. पान दुमडते आणि बोलावणं पाठवते.

कुणी म्हणेल, बाई नुसतीच पकडते, शिकवत नाही. तसं नाही. दर वर्षी पहिला तास माझा याच विषयावर असतो. पुस्तक उघडं असताना पेन उचलायचं नाही. वाचा, मिटा, पाणी पिऊन या, मग आठवेल ते आपल्या शब्दांत लिहा. शब्द दुसऱ्याचेच हवे असतील तर अवतरणचिन्हात घ्या, आणि वहीत ते लाल शाईनं उतरवा, म्हणजे सहा महिन्यांनी ते वाक्य आपल्यालाच सुचलं असा भ्रम होत नाही. पानाच्या डोक्यावर आधी कुठून, कुणाकडून, कधी, आणि मजकूर त्यानंतर. चार शब्द फिरवले म्हणून वाक्य आपलं होत नाही. शेजारणीच्या साडीला फॉल लावून दिला म्हणून साडी आपली होते का? हसतात मुलं. मग कुणीतरी विचारतंच की मॅडम, प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का. मी सांगते, जे सगळ्यांना माहीत असतं त्याला संदर्भ लागत नाही. पनवेल रायगड जिल्ह्यात आहे हे सांगायला कुणाच्या पुस्तकाचं पान द्यावं लागत नाही.

चोरी शोधणारं सॉफ्टवेअर कॉलेजनं घेतलं आहे, पण त्याला मराठी धड कळत नाही. ते कधी 'प्रस्तावना' या शब्दावर लाल रेघ मारतं आणि उचललेलं अख्खं प्रकरण सोडून देतं. शिवाय कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे जुने निबंध नाव बदलून मिळतात हे मला ठाऊक होतं. आता तर यंत्रच निबंध लिहून देतं, पण मी सांगते आहे त्याची सुरुवात त्याआधीची, दहा-बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी ठरवलं की आपला सापळा आपणच लावायचा.

मी वर्गाला देत असे त्या नोट्समध्ये खाडीकाठच्या गावांवर एक प्रकरण होतं. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावं मातीचा बांध घालत. उधाणात तो फुटला, की त्या भगदाडाला खांड म्हणत, आणि ती बुजवायला घरटी एक माणूस जाई. या प्रकरणात मी एक वाक्य घातलं: 'खांड बुजवताना चिखलाची शेवटची पाटी गावात आलेल्या सर्वांत नव्या सुनेने, डाव्या हाताने टाकण्याची प्रथा होती.' वाक्य साफ खोटं होतं. मी ते टेबलाशी बसून रचलं होतं, आणि डावा हात तर मुद्दाम घातला होता, कारण शुभ कामात डावा हात आपल्याकडे कोण पुढे करील? हे वाक्य कुणाच्या निबंधात संदर्भाशिवाय आलं की समजायचं, यानं गावात पाऊल ठेवलेलं नाही, नोट्स नाहीतर नोट्सवरून केलेला जुना निबंध उतरवला आहे. स्वतःच्या कल्पनाशक्तीवर मी खूश होते, ते लपवत नाही. सापळा चालला. तेव्हापासून ते वाक्य मी दर वर्षी तसंच ठेवत आले.

या वर्षी माझ्याकडे एक मुलगी होती. खाडीकाठच्या गावातली. ते गाव विमानतळासाठी उठलं आणि घरच्यांना उलव्याला प्लॉट मिळाला, तिथून ती दोन वाहनं बदलून यायची. वर्गात बोलायची नाही, पण वही नीट ठेवायची, आणि अशा मुलांचा मला जास्तच संशय येतो. तिचा निबंध तिच्याच गावच्या बांधावर होता. एमए होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही असं तिनं घरी कबूल करून घेतलं होतं, हे तिनंच मला एकदा मुदत वाढवून मागताना सांगितलं होतं. या वर्षी निबंध स्वीकारला गेला नाही तर वर्ष जाणार होतं आणि वर्षाबरोबर ती कबुलीही. स्वीकारायचा तर मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती.

चौथ्या प्रकरणात मला ते वाक्य भेटलं. शब्द थोडे वेगळे होते, पण नवी सून होती, शेवटची पाटी होती, आणि डावा हात होता. खाली तळटीप नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतकी नीटनेटकी वही आणि शेवटी हीसुद्धा त्यातलीच, असा तो आनंद होता. मी त्याच दिवशी विभागप्रमुखांना पत्र लिहिलं की सदर निबंधात वाङ्मयचौर्याचा पुरावा आढळल्यानं मी सही करू शकत नाही. सरांनी सोमवारी दोघींना बोलावलं.

मधे मी तिला एकटीला बोलावून घेतलं. पान समोर ठेवलं आणि विचारलं, "हे कुठून आणलंस?"

तिनं वाक्य वाचलं. "कुठून म्हणजे, मॅडम?"

"तळटीप कुठे आहे?"

"याला कशाला लागेल? तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांना माहीत असतं त्याला संदर्भ लागत नाही."

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळत नव्हता, किंवा ती तसं दाखवत होती. मला दुसरं वाटलं.

सगळे म्हणजे कोण, नावं सांग, असं मी दरडावलं तेव्हा तिनं आत्याचं नाव घेतलं आणि फोन काढून आत्याच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. एका म्हातारीचा खणखणीत आवाज बांधाबद्दल बोलत होता आणि त्यात नव्या सुनेची पाटी स्पष्ट ऐकू आली. रेकॉर्डिंगवरची तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती. मी म्हटलं, फोनमधली तारीख बदलता येते. आत्याला पढवताही येतं.

तिचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. "मग तुम्हीच चला ना, मॅडम," ती म्हणाली. "मी बाहेर उभी राहते. तुम्हाला विचारायचं ते विचारा."

रविवारी मी उलव्याला गेले. खरं बोलायचं तर तिला न्याय द्यायला नाही गेले, पुरावा पक्का करायला गेले. उलव्यात जिकडे बघावं तिकडे बांधकाम, रस्त्यावर खडी, आणि प्लॉटच्या तीनमजली घरात तळमजल्यावर आत्या सुकट निवडत बसलेली. बरोबर आलेल्या मुलीला मी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबवलं आणि दोघींना एकमेकींशी एक शब्दही बोलू दिला नाही. साक्षीदार वेगळे ठेवायचे असतात.

"बस बाय," आत्या म्हणाली. "पोरीचं काय चुकलं काय?"

"नाही मावशी, बांधाची माहिती हवी होती." मी पहिला प्रश्न मुद्दाम चुकीचा टाकला. "खांड बुजली की पाच नारळ फोडायचे ना?"

"नारल? नारल नारली पुनवेला दर्याला. बांधाला कसला नारल?" तिनं मान वर केली. "तुला कोनी सांगितला?"

"आणि शेवटची पाटी गावचा पाटील टाकायचा?"

"पाटील कशाला येतोय चिखलात? शेवटची पाटी नव्या सुनेची. मी टाकलेली, माज्या सुनेनं टाकलेली."

मी अजूनही हरायला तयार नव्हते. पढवलेली माणसं पढवलेलं छान सांगतात, पण कारण विचारलं की अडखळतात, हे मला व्हायवामधून माहीत होतं. मी विचारलं, "कुठल्या हातानं?"

"डाव्या."

"डाव्या हातानं कसं चालेल, मावशी? शुभ काम ना?"

ती हसली. हातातली सुकट सुपात टाकली, पदराला हात पुसले आणि उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. माझा उजवा हात तिनं मनगटाशी घट्ट धरला. "आता टाक पाटी," ती म्हणाली. "ह्यो हात सासूनं धरायचा. बांध वला असतो, नवी पोर, तिला सवय नाय. घसरली म्हंजे गेली खाडीत. मंग पाटी कुठल्या हातानं टाकंल?"

माझा डावा हात मोकळा होता आणि दुसऱ्या कुठल्याही हातानं पाटी टाकता आली नसती. टेबलाशी बसून असं कारण मला जन्मात सुचलं नसतं.

आत्या परत बसली आणि बोलत राहिली, आता तिला रंग चढला होता. "घसरायचा काय सांगतेस. माज्या सुनेच्या वक्ताला तुमच्या कालेजाची पोरं आलेली बघायला. बरोबर येक चस्मेवाली बाय. तिला बोललू, बांधावर चप्पल घालून चढू नको. आयकते कुठं? गेली ना घसरून. मीच हात धरून वर काढली तिला. येक चप्पल चिखलात र्‍हायली ती र्‍हायलीच. मंग माजी चप्पल घालून गेली ती बाय, परत काय आली नाय."

मी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात कुणाची तरी निळी रबरी चप्पल घालून मी पनवेलला कशी आले, हा किस्सा माझ्या घरी पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगितला जातो. त्यात चिखल असतो, फजिती असते, नवऱ्याचं हसणं असतं. ज्या बाईनं मला वर ओढलं ती त्यात नसते. ती हात धरून काय सांगत होती, तेही नसतं.

मी तिला सांगितलं नाही की ती बाई मीच. तिनं चहा केला, मी तो प्यायले, आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलीच्या नजरेला नजर न देता 'उद्या बोलू' एवढं म्हणून रिक्षात बसले.

तरी संशय गेला नव्हता. फक्त आता तो माझ्यावर होता, आणि माझ्यावर संशय घ्यायची मला सवय नव्हती. चप्पल माझी असेल, पण पाटीचं मी तिथे ऐकलंच कशावरून? मी खांडीपाशी पोचले तेव्हा काम संपलं असेल. म्हातारीला तेव्हाचं आणि नंतरचं एकत्र आठवत असेल. घरी पोचेपर्यंत मी स्वतःची बाजू वकिलासारखी तयार केली होती. मग माळ्यावरचं खोकं काढलं. माझ्या जुन्या वह्या मी टाकत नाही. त्या सहलीची वही सापडली, तिच्या कडांना चिखल वाळून तसाच राहिला होता, आणि मधल्या एका पानावर माझ्याच अक्षरात घाईघाईनं लिहिलेलं होतं: 'शे. पाटी – नवी सून – डा. हात.' निळ्या शाईत. पानाच्या डोक्यावर ना गाव, ना बाई, ना तारीख.

ही वही मी तेव्हा लिहिली आणि विसरले. वर्षभरानं नोट्ससाठी खोटं वाक्य रचायला बसले तेव्हा ते मला भरभर सुचलं. भरभर का सुचतंय याचा संशय मला आला नाही. जगातल्या सगळ्यांवर घेतला, या एका गोष्टीवर नाही घेतला. मी त्या बाईचं वाक्य उचललं, ते माझं म्हणून मिरवलं, आणि वर त्याला खोटं ठरवलं. साध्या चोरानं निदान माल खरा मानलेला असतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आणि तरीही सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना मी पळवाट शोधत होते, हेही लिहायला हवं. पत्र मागे घ्यायचं, गैरसमज झाला म्हणायचं, सही करायची. मुलीचं वर्ष वाचतं, माझंही झाकलं जातं. सरांच्या खोलीत ती आधीच येऊन बसली होती, निबंध आणि वही मांडीवर घेऊन. तिनं वही उघडून माझ्यापुढे सरकवली. आत्याच्या मुलाखतीचं पान होतं. डोक्यावर गाव, आत्याचं नाव, तारीख, वेळ. आत्याचे शब्द लाल शाईत. मी पहिल्या तासाला सांगते ते इतक्या वर्षांत मी कुणाच्या वहीत एवढं नेमकं पाळलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या वहीत तर नाहीच.

मग मी सगळं सांगितलं. सापळा, वाक्य, चप्पल, वही. सर ऐकताना पेनचं टोपण काढत होते, लावत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, झालं गेलं. पत्र परत घ्या, नोट्समधून ते वाक्य काढून टाका. बाहेर बोलायची गरज नाही." ते चांगले गृहस्थ आहेत आणि त्यांना तासाला जायचं होतं. मी त्यांच्यासमोरच निबंधावर सही केली. मुलीला म्हटलं, तुझी माफी मागते, आणि आत्याचीही उलव्याला येऊन मागेन. त्या वाक्याखाली आत्याच्या नावानं तळटीप टाक. तुमच्याकडे सगळ्यांना माहीत असलं तरी बाहेर माहीत नाही, आणि बाहेरचे ते कसे घेऊन जातात ते तू बघितलंस.

ती हो म्हणाली. निबंध पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता ती जाईल. ती उठलीही, पण दाराशी थांबली.

"मॅडम, या वाक्यावर माझ्याआधी कोणी सापडलं होतं?"

"चौघं," मी म्हटलं.

"ते कुठले होते?"

मला माहीत नव्हतं. त्यांना गाव विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं, सापडलं एवढं पुरेसं होतं. तिघांचे चेहरेही आठवेनात. एकीचा आठवला. बेलपाड्याची की आणखी कुठली, देव जाणे, बोलण्यात 'आमी' आणि 'नाय' असलेली. तिनं मला सांगायचा प्रयत्न केला होता की, "मॅडम, आमच्यात करतात असं," आणि मी भर स्टाफरूममध्ये म्हटलं होतं, तुमच्यात काय करतात ते दिसतंच आहे. मी तिचा निबंध रद्द केला. नंतर ती कॉलेजात आली नाही, परीक्षेलाही बसली नाही. आली नाही म्हणजे चोरी कबूल केली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.